‘वासयोग्य’ की आणखी काही? ताऱ्याभोवतीच्या पट्ट्याला काय म्हणावं?

ओंजळ : मुलांसाठीच्या एका लेखाचं भाषांतर करतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. ताऱ्यापासूनच्या ज्या अंतरात ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात टिकू शकतं, तो पट्टा, म्हणजे ‘हॅबिटेबल झोन’. मी ‘वासयोग्य पट्टा’ लिहिलं. भाचीने वाचून विचारलं, “तिथला वास इथपर्यंत येतो?” मग ‘वस्तीयोग्य’ केलं, तर म्हणाली, “आपण कधी जायचं राहायला?” तिची काहीच चूक नाही, शब्दच तसं सांगतायत. काय लिहू?

दुर्बीण : ‘वस्तीयोग्य’ नकोच. पट्टा फक्त अंतराबद्दल बोलतो. आपला चंद्र सूर्यापासून जवळपास पृथ्वीइतक्याच अंतरावर, म्हणजे पट्ट्यातच आहे. पण हवा नाही, त्यामुळे पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टिकत नाही. उलट गुरूचा युरोपा आणि शनीचा एन्सेलेडस हे चंद्र पट्ट्याच्या कितीतरी बाहेर, तरी त्यांच्या बर्फाखाली समुद्र आहेत. ग्रहाच्या ओढीने त्यांचं अंग सतत ताणलं-दाबलं जातं आणि त्यातून ऊब मिळते. एन्सेलेडसच्या दक्षिण ध्रुवाजवळून उडणारे फवारे कॅसिनी यानाने २००५ साली टिपले. पृथ्वीचंही नुसत्या अंतरावर भागत नाही. हवेचं पांघरूण नसतं तर इथलं सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं. आहे ते सुमारे १५. ‘योग्य’ म्हटलं की निकाल लागल्यासारखा वाटतो, इथे तर चौकशी नुकती सुरू होतेय.

मुळाक्षर : भाचीला ‘वास’ म्हणजे फक्त गंध वाटतो म्हणून शब्द टाकायचा? निवास, रहिवासी, वनवास तिला समजतातच ना! वस् म्हणजे राहणे. आपली वसुंधरासुद्धा त्यातूनच आली, जिच्यावर जीव वसतात ती.

पायवाट : वसुंधरेचा वस् धातूशी संबंध नाही. वसु म्हणजे धन. धन धारण करते ती वसुंधरा. आणि संस्कृतात वस् एकच नाही. राहण्याचा वेगळा, नेसण्याचा वेगळा. दुसऱ्यापासून वस्त्र आलं. माझं मत, सरळ ‘राहण्याजोगा’ लिहा.

मुळाक्षर : वसुंधरेबद्दल मान्य, चुकलो. पण ‘राहण्याजोगा’ समासात बसत नाही. ‘राहण्याजोगेपणाचे निकष’ असं मथळ्यात कोण लिहील? संज्ञा घोटीव हवी.

पायवाट : ‘जोगा’ हा ‘योग्य’चाच प्राकृतातून आलेला वंशज आहे. तोंडात रुळला म्हणून तो कमी शास्त्रीय होत नाही.

ओंजळ : ‘अनुकूल पट्टा’ कसा वाटतो? कूल म्हणजे काठ, अनुकूल म्हणजे काठाला धरून. म्हणजे पाणी शब्दातच आलं.

दुर्बीण : छान आहे, पण कशाला अनुकूल ते सांगावं लागेल. ‘पाणपट्टा’ म्हणावं का?

पायवाट : ‘पाणीपट्टी’ आठवते, नको. ‘जीवनयोग्य’ घ्या. जीवन म्हणजे पाणीसुद्धा. अमरकोशात पाण्याच्या नावांमध्ये ‘जीवन’ आहे. पट्ट्याची व्याख्याच पाण्याने केलेली, तेव्हा इतका नेमका शब्द दुसरा सापडणार नाही.

मुळाक्षर : तो अर्थ आज कोणाच्या कानाला ऐकू येतो? आणि मघाशी तुम्हीच तोंडात रुळलेल्या शब्दाची बाजू घेत होतात.

दुर्बीण : शिवाय ताऱ्याचं काय? तोही लायक लागतो. फार जड तारे वीस-तीस लाख ते काही कोटी वर्षांत संपतात. मृग नक्षत्रातला काक्षी हा तारा सुमारे एक कोटी वर्षांचा, आणि आत्ताच अखेरच्या टप्प्यात आहे. पृथ्वीवरच्या जीवांच्या खुणा सुमारे साडेतीनशे कोटी वर्षं मागे जातात. एवढा धीर आपल्या सूर्यासारख्या किंवा त्याहून लहान ताऱ्यांकडेच असतो. लाल बटू, म्हणजे लहान, लालसर तारे, तर त्याहून कितीतरी जास्त टिकतात, पण मंद असल्याने त्यांचा पट्टा अगदी जवळ. सूर्याला सर्वांत जवळचा तारा असलेल्या प्रॉक्सिमा या लाल बटूभोवती २०१६ साली सापडलेल्या ग्रहाचं वर्ष ११ दिवसांचं आहे. इतक्या जवळचा ग्रह बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे धरून राहतो, वर ताऱ्याचे भडकेही सोसतो. म्हणून ‘जीवनयोग्य तारा’ म्हणायला मन धजत नाही.

पायवाट : ‘लाल बटू’वर माझा जुना आक्षेप आहे. बटू म्हणजे मुंज झालेला मुलगा. ‘तांबडा खुजा तारा’ काय वाईट? हे तारे लालचुटुक नसतातच, नारिंगीकडे झुकतात.

मुळाक्षर : खुजा म्हटलं की हिणवल्यासारखं वाटतं. वामनावतारामुळे बटूला लहान अंगाचा अर्थ कधीच चिकटलाय, तो राहू द्या.

ओंजळ : ‘तांबडा’ मला आवडला. एकच बाजू ताऱ्याकडे असलेल्या ग्रहावर उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर तारा क्षितिजालाच टेकलेला दिसणार. तिथे तांबडं फुटलेलं ते फुटलेलंच. हे वाक्य लेखात घेते. पण पट्ट्याला काय म्हणू? उद्या मजकूर द्यायचाय.

पायवाट : ‘तांबडं फुटणं’ उगवण्यासाठी, मावळतीला नाही. तिथे तारा उगवतही नाही, मावळतही नाही, मग ते क्रियापद चालेल का?

मुळाक्षर : ‘फुटलेलं’ म्हणजे एकदा फुटलं असणार. ग्रह आधी स्वतःभोवती फिरत होता, हळूहळू जखडला गेला. त्यामुळे चालावं.