पहिलं बाळंतपण: आत नेमकं काय झालं ते कुणाला विचारू? (मदत हवी आहे)

परभणीची_लेक:

नमस्कार. माहेर परभणी जिल्ह्यात, सासर जालन्याकडं, नवरा चाकणला कंपनीत. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सातव्यातच इकडं आले. मुलगी झाली, सव्वा महिना होत आलाय. अंगावर पिते, वजन चांगलं वाढतंय. त्यामुळं मी काही विचारायला लागले की घरात सगळ्यांना नवल वाटतं. म्हणून इथं विचारते.

कळा संध्याकाळी सुरू झाल्या. आधी नुसती कंबर भरून यायची, मग पोट दगडासारखं व्हायचं आणि सुटायचं. आजी म्हणली, "पहिलटकरीण हाय, घाई करू नगा." पण पाणी गेल्यावर कुणी थांबलं नाही, शेजारच्यांच्या बोलेरोत घालून तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात नेलं. तपासून सिस्टर म्हणाल्या, गर्भाशयाचं तोंड दोनच बोटं उघडलंय. मध्यरात्रीही दोनच बोटं.

पहाटे सलाईनमध्ये कळांचं इंजेक्शन टाकलं. टाकण्याआधी मला कुणी काही बोललं नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून पेनानं काहीतरी लिहिलेलं, तेवढंच दिसत होतं. त्यानंतरच्या कळा वेगळ्याच. आधीच्या येऊन जायच्या, मध्ये घोटभर पाणी प्यायला उसंत मिळायची. या एकीला लागून एक. आईला आत येऊ दिलं नाही. ती थर्मास घेऊन जिन्यात बसलेली आणि तिथं तिला माझा आवाज ऐकू जात होता. आत "ओरडून काय होतंय, जोर लाव" एवढंच चाललेलं.

शेवटी एक मावशी स्टुलावर चढल्या आणि दोन्ही हातांनी माझं पोट वरून खाली दाबलं. मी नको नको म्हणत होते. त्याच वेळी खाली कापलं होतं, हे टाके घालताना कळलं. बाळ रडलं नाही. मला टेबलावरून फक्त डॉक्टरांची पाठ आणि रबराची पिशवी दाबणारा एक हात दिसत होता. मग रडली. मध्ये किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, आणि मला कुणी सांगितलंही नाही. बाहेर तोवर पेढे का बर्फी, ही चर्चा सुरू.

डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ आहे: नॉर्मल डिलिव्हरी, टाके, आई व बाळ ठीक.

आता त्रास असा, की स्वयंपाकघरात स्टीलचं ताट पडलं तरी मला घाम फुटतो. दुपारी डोळा लागला की ती पिशवी दिसते. दवाखान्याच्या रस्त्यानं जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. आई म्हणते, "माय, बायांचं असंच असतंय, इसरून जा." चुलतीचं म्हणणं, शेक कमी पडायलाय. मे महिन्यात मराठवाड्यात बाजेखाली शेगडी ठेवायची, हे ज्यानं ठरवलं त्याला एकदा त्या बाजेवर निजवलं पाहिजे. सासूबाईंचं फोनवर आत्ताच "पुढल्या वेळी मुलगा" चालू झालंय.

मला भांडायचं नाही. पोट असं दाबतात का? बाळ का रडलं नाही, त्याचा पुढं काही परिणाम होईल का? आतले कागद मागितले तर देतात का? आणि या घाम येण्याचं काय करू?

लातूरची_जाऊ:

ताई, माझ्या धाकट्या जावेचं पण पोट दाबलं होतं. तिला वाटायचं सगळ्यांचंच दाबतात. तिचं सरकारी दवाखान्यात झालं, पण मला आत थांबू दिलं होतं. मी नुसती कंबर चोळत होते, तरी ती म्हणते तुम्ही होता म्हणून निभावलं.

गावाकडचा:

बाळ-बाळंतीण सुखरूप, देवाचे आभार माना. कागद काढून काय मिळणार? उगाच डॉक्टर लोकांशी वाकडं.

परभणीची_लेक:

दादा, देवाचे आभार मानून झालेत. पुढच्या वेळी टेबलावर मलाच जायचंय, म्हणून विचारते.

उपकेंद्रातली_सिस्टर:

मी हिंगोलीकडं एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स आहे. दुरून निदान करणार नाही, पण माहीत आहे ते सांगते.

दोन बोटं म्हणजे साधारण तीन-चार सेंटीमीटर. पूर्ण म्हणजे दहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या मार्गदर्शनानुसार खऱ्या जोराच्या कळांचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरतात, आणि पहिलटकरणीला त्याआधी बराच वेळ लागू शकतो. म्हणजे रात्रभर दोन बोटं, यात तुझ्या अंगात काही खोट नव्हती. पाणी गेल्यावर कळांचं इंजेक्शन द्यायला कारण असू शकतं. पण ते तुला सांगून द्यायचं असतं. पोट वरून दाबू नये, असं त्याच मार्गदर्शनात स्पष्ट आहे. सरसकट कापू नये, हेही आहे. बाळ अडकलं, त्याचे ठोके मंदावले, तर कापावं लागतं. तुझ्या वेळी तसं होतं का, ते कागदावरच कळेल.

बाळाचं म्हणशील तर ती रबराची पिशवी श्वास देण्यासाठी असते. साधारण दहातल्या एकाला सुरुवातीला श्वासासाठी थोडीफार मदत लागते, आणि त्यातली बहुतेक पुढं अगदी नीट वाढतात. तरी बालरोगतज्ज्ञांना हे सांग, तिचं मान धरणं, नजर फिरवणं त्यांना बघू दे.

कागद मिळतात. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमात आहे, पेशंटनं मागितले तर 72 तासांत द्यायचे. नुसतं "फाईल द्या" म्हणू नकोस. पार्टोग्राफ माग. त्या तक्त्यावर किती वाजता किती उघडलं, बाळाचे ठोके, कळांचं औषध कधी लावलं, सगळं भरायचं असतं. बाळाची जन्मावेळची नोंद वेगळी माग.

आणि घाम येण्याचं. बाळंतपणानंतरचं रडू, हळवेपण बहुतेकींचं पंधरा दिवसांत ओसरतं. सव्वा महिन्यानंतरही तेच डोळ्यापुढं येत असेल, तर तो धसका आहे आणि त्याला उपचार आहे. 14416 हा टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर, फुकट, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आशाताई 42 व्या दिवशी घरी येते, तिला आईसमोरच सांग. आशाताईच्या तोंडून ऐकलं की आया लवकर ऐकतात, हा माझा अनुभव. बाळाला किंवा स्वतःला काही करावं असा विचार आला तर मात्र तिची वाट बघू नकोस, त्याच दिवशी दवाखाना.

शेगडी बंद कर. कोंडलेल्या खोलीतला धूर बाळाच्या छातीला वाईट. टाक्यांना वास, पू किंवा ताप असेल तर लगेच दाखव.

परभणीची_लेक:

ताई, पार्टोग्राफ हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. अर्ज मराठीत चालेल का? आणि मी स्वतः जायलाच पाहिजे का? तिथं जायचं धाडस अजून होत नाही.

उपकेंद्रातली_सिस्टर:

मराठीत चालतो. तू जाऊ नकोस, नवऱ्याला किंवा भावाला पाठव. तुझ्या सहीचं पत्र दे त्याच्याकडं, "यांना माझे कागद द्यावेत" म्हणून, सोबत तुझ्या आधारची झेरॉक्स. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, एकीवर शिक्का आणि तारखेसकट पोच घ्यायची. पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं टाका. कागद आले की मला इथंच व्यनि (खाजगी निरोप) कर, दोघी मिळून वाचू.