क्वालिटी मॅनेजरने शॉप फ्लोअरवर किती वेळ द्यावा?

प्रश्न: मशिनिंग लाइन, दोन शिफ्ट. मॅनेजरचा दिवस ऑडिटची कागदपत्रं आणि मीटिंगमध्येच जातो. फ्लोअरवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, रोज किती वेळ हवा?

उत्तर १: रोज दीड-दोन तास, पण सलग नकोत. शिफ्ट बदलताना आणि नवीन सेटिंगनंतर पहिला पीस पास होताना हजर राहा. घोळ तिथेच होतो: टूल ऑफसेट (कापणाऱ्या टूलच्या मापानुसार मशीनमध्ये भरलेला आकडा) जुनाच राहतो, किंवा ड्रॉइंगची जुनी रिव्हिजन मशीनला लटकलेली असते.

उत्तर २: नुसती चक्कर मारून काही दिसत नाही. एकच स्टेशन धरा, कंट्रोल प्लॅन (काय, कधी, किती मोजायचं याची यादी) हातात घेऊन २० मिनिटं उभे राहा. दर तासाला ५ पीस मोजायचे आहेत आणि सकाळी १० वाजताच दुपारपर्यंतची रीडिंग भरलेली आहेत? मग तो तक्ता बिनकामाचा. गेजवरची (मोजायच्या साधनावरची) कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासल्याची, तारीख बघा, लाल पेटीतले रिजेक्ट पीस मोजून रजिस्टरशी ताळा करा.

प्रश्नकर्ता: मॅनेजर दिसला की ऑपरेटर सावध होतात, त्याचं काय?

उत्तर ३: चूक दिसल्यावर सगळ्यांसमोर झापलंत तर पुढचे रिजेक्ट पीस लपवले जाणारच. ‘फिक्श्चरमध्ये पीस नीट बसतो का?’ असं विचारा (फिक्श्चर म्हणजे पीस घट्ट धरणारी चौकट). चिप (कापलेल्या धातूचा कीस) अडकून बसल्याचं ऑपरेटरच आधी सांगेल. नवीन पार्ट सुरू होताना मात्र अर्धा दिवस फ्लोअरवरच काढा.