भाचीसाठी सल्ला हवा: कॉलेज टॉपचं, पण माणसं निवांत

चोपडेकर_मामा:
नमस्कार मंडळी. भाचीला इंजिनिअरिंगच्या सीईटीत ९९.६ पर्सेंटाइल. पुण्याचं सीओईपी, मुंबईत माटुंग्याचं व्हीजेटीआय, दोन्हीकडे इलेक्ट्रिकलची आशा आहे. अभ्यासाचं टेन्शन नाही. पोर अबोल आहे, दोन-तीन जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या की खूश. उठता-बसता पॅकेज, रँक, इंटर्नशिप असलं वातावरण नको. खोली-जेवण मिळून महिना ८ हजारांच्या आत, खासगी कॉलेज नको. कुठे रमेल?

भुसावळ_यार्ड:
सीओईपी. विषय संपला. १८५४ पासूनचं कॉलेज, २०२२ पासून स्वतःचं विद्यापीठ. मुळेच्या काठावर बोट क्लब आहे. अबोल पोरांना रोइंग फार मानवतं, कारण नावेत बोलायचं नसतं, वल्हं एका तालात मारायचं असतं. पोहता येत नसेल तर सुट्टीतच शिकवा.

रावेर_केळी:
८ हजारांत काय होतं भाऊ? पुण्यात बाणेरला तीन मुलींत फ्लॅट घ्या, वॉशिंग मशीनसकट. आणि खासगीला नावं का ठेवता? सोयी तिकडेच.

चोपडेकर_मामा:
बजेट वर लिहिलंय, केळीवाले भाऊ.

गल्ली_नंबर_५_धुळे:
कॉलेजचं नाव बाजूला ठेवा, चार गोष्टी तपासा.

एक, क्लबची निवड. मोठ्या कॉलेजांत नाटक, रोबोटिक्स, फेस्ट, सगळीकडे फॉर्म, ऑडिशन, मुलाखत. प्रवेशाची मेरिट लिस्ट संपते तोवर क्लबची लागते. पहिल्याच महिन्यात दोन ठिकाणी नाव आलं नाही की अबोल पोर खोलीत बसते. म्हणून निवड नसलेल्या जागा आधीच शोधा: एनएसएस, ट्रेकिंगचा ग्रुप, मराठी वाङ्मय मंडळ, संध्याकाळचं बॅडमिंटन कोर्ट.

दोन, ग्रेडिंग. वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ग्रेड ठरत असेल तर नोट्स लपवल्या जातात. ठरावीक गुणांना ठरावीक ग्रेड असेल तर त्याच नोट्स रात्री १२ ला ग्रुपवर येतात. हे परीक्षेच्या नियमावलीत लिहिलेलं असतं, वेबसाइटवरच.

तीन, तुकडी. ६० जागांच्या शाखेत महिन्याभरात सगळे ओळखीचे. एकाच शाखेच्या दोन-तीन तुकड्या असल्या की जो तो आपापल्या बाकापुरता. दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाची मुलं थेट येतात. ती बहुधा शांत असतात आणि प्रॅक्टिकलला हात चालणारी. त्यांची सोबत चांगली.

चार, मेस. मंगळवारी किंवा बुधवारी रात्री ८ ला जा. शनिवारी जाऊ नका, अर्धं हॉस्टेल बाहेर असतं. किती जणी ताट घेऊन फोनकडे बघत एकट्या जेवतात ते मोजा.

भुसावळ_यार्ड:
तेच म्हणतोय मी. सीओईपी.

एरंडोलची_ताई:
धुळेकर दादांना जोडून. आपल्या खानदेशातल्या मुलींचं चुकतं ते शुक्रवारी रात्रीच्या गाडीत. पुण्याहून आझाद हिंद आहे, महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, दादरहून विदर्भ आहे. सोय आहे म्हणून दर पंधरवड्याला घर. हॉस्टेलमध्ये ओळख होते ती शनिवारी दुपारी, कपडे वाळत घालताना, बादलीवरून भांडताना. त्या वेळी ही घरी! पहिले चार शनिवार-रविवार घरी येऊ देऊ नका. आईने फोनवर रडायचं नाही, हेही ठरवून घ्या.

सोबत बिबडे (ज्वारीचे पापड), कच्चे शेंगदाणे, लसणाची चटणी द्या, दोन डबे जास्तीचे. संध्याकाळी ६ ला डबा उघडायचा तो खोलीचं दार उघडं ठेवून. केटल-शेगडीला बहुतेक हॉस्टेलात बंदी असते, बिबड्याला नाही.

पारोळा_किल्ला:
मेसमध्ये शेवभाजी मिळत नाही हे कोणी सांगत नाही. मिळाली तर शेव आधीच घालून ठेवतात, लगदा होतो. शेव ताटात पडताना घालायची असते.

रावेर_केळी:
शेव जाड आणि तिखट हवी. पुण्यात बारीक घालतात. आणि भरीत गॅसवर! आपल्याकडे काड्यांवर भाजतात, बडगीत कुटतात, तेव्हा कुठे त्याला भरीत म्हणायचं.

पारोळा_किल्ला:
भरताला वांगं आसोद्याचं.

रावेर_केळी:
बामणोदचं.

गल्ली_नंबर_५_धुळे:
धागा कॉलेजचा आहे.

फॉर्म_मार्गदर्शक:
कॅपचं, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांचं बघा. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून न पाहिलेलं कॉलेज एक नंबरवर टाकू नका. दुसरं, २०२४-२५ पासून कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना ट्यूशन आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला नाही, खासगी अभिमत विद्यापीठाला नाही. मेस आणि खोली त्यात येत नाही.

रावेर_केळी:
म्हणजे फी वाचली, फ्लॅट घ्या.

सातपुडा_०७:
नागपूरचं व्हीएनआयटी का नाही? निम्म्या जागा राज्यासाठी.

फॉर्म_मार्गदर्शक:
त्याला जेईई मेन आणि जोसाची केंद्रीय प्रवेश फेरी लागते. इथे सीईटी सांगितलीय.

भुसावळ_यार्ड:
मुंबई नकोच. स्थानिक मुली संध्याकाळी लोकल पकडून घरी जातात, कॅम्पस रिकामा. पुण्यात पुरुषोत्तम करंडक, फिरोदिया करंडक अशा कॉलेजांच्या नाट्यस्पर्धा, कॉलेज रात्रभर जागं.

एरंडोलची_ताई:
अहो, तिला निवांत हवंय, तुम्ही रात्रभर जागवताय. शिवाय पुरुषोत्तमच्या तालमी प्रवेशाच्याच दिवसांत. बॅकस्टेजला हात लागतातच, नाटकाचं सामान सांभाळायला जाऊ दे, ऑडिशन नको. रॅगिंगचं हमीपत्र दर वर्षी ऑनलाइन भरायचं, आणि १८००-१८०-५५२२ हा हेल्पलाइनचा नंबर तिच्या फोनमध्ये टाका, तुमच्या नाही.

अमळनेर_मंगळग्रह:
आप्पा, पोरले इचारं का कोनी?

चोपडेकर_मामा:
इचारं. माझ्या ताईसोबत तिला दोन्ही कॅम्पस दाखवून आणले, बुधवारी पुणे, गुरुवारी माटुंगा. एक नंबरवर व्हीजेटीआय टाकलंय. यार्डभाऊंनी सांगितलेली खोटच तिला आवडली. म्हणे, संध्याकाळी सगळे गेल्यावर मागे राहतात त्या थोड्या असतात, त्यांना एकमेकींशिवाय दुसरं कोण आहे? मेसमध्ये तिने मोजलं: एका टेबलावर सात जणी आणि एकीच्याच फोनवर सातही बघत होत्या. तिथून पाच उद्यानांपाशी बाकावर तासभर बसली. ताई म्हणाली चल, तर म्हणे थांब ना. यशवंत नाट्यमंदिरही जवळच आहे. नाटक तिला बघायचं असतं, करायचं नसतं.

भुसावळ_यार्ड:
चूक करताय. बोट क्लब नाही तिकडे.

रावेर_केळी:
माटुंग्याला फ्लॅट महाग पडेल.

फॉर्म_मार्गदर्शक:
हॉस्टेलचा अर्ज भरला का? प्रवेशासोबत खोली आपोआप मिळत नाही. तो वेगळा फॉर्म असतो, मुदतही वेगळी, आणि पहिल्या वर्षाला सगळ्यांना पुरतील एवढ्या खोल्या नसतात. रहिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, फोटो तयार ठेवा.

चोपडेकर_मामा:
तो फॉर्म कुठे असतो?