वीज-गॅसची कंपनी बदललीत का? ब्रिटनमधल्या घरांचे अनुभव लिहा

ब्रिटनमध्ये नवीन आलेल्या माणसाला पहिल्या हिवाळ्यात हमखास एक सल्ला मिळतो: "कंपनी बदल, पैसे वाचतील." किती वाचतील आणि कशामुळे, ते सांगायला कोणी थांबत नाही. म्हणून मंडळी, इथे लिहा. एकच विनंती, "आमचे महिन्याला इतके पौंड जातात" एवढ्यावर थांबू नका. डायरेक्ट डेबिटचा (दरमहा बँकेतून आपोआप कापला जाणारा) आकडा हा कंपनीचा अंदाज असतो. वर्षाला किती युनिट (किलोवॅट-तास) जळले, युनिटचा दर काय, रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो लागणारी ठरावीक रक्कम) काय, हे लिहिलंत तर दुसऱ्याच्या उपयोगी पडेल.

नवख्यांसाठी थोडक्यात: ऑफजेम ही इथली नियामक संस्था. जानेवारी 2019 पासून तिने दरावर कमाल मर्यादा घातली आहे, तीच प्राइस कॅप. आता ती दर तीन महिन्यांनी बदलते. बातम्यांत "सरासरी घराचं बिल इतकं" म्हणतात त्यावरून बऱ्याच जणांना वाटतं की बिलालाच मर्यादा आहे. तसं नाही, मर्यादा दराला आहे. जास्त जाळाल तर जास्त भराल.

आमचं सांगते. रेडिंगला तीन बेडरूमचं घर, गॅसवर बॉयलर. वर्षाला विजेची 3,000 च्या आसपास आणि गॅसची 12,000 च्या आसपास युनिटं. फिक्स (ठरावीक मुदतीसाठी दर पक्का करणारा करार) घेताना मी कंपनीचं नाव बघत नाही, कॅपच्या दरापेक्षा युनिट किती पेन्सनी खाली आहे ते बघते. गॅसमध्ये अर्धा पेन्स कमी म्हणजे आमच्याकडे वर्षाला साठेक पौंड. फिक्स संपायच्या शेवटच्या 49 दिवसांत एक्झिट फी (मुदतीआधी सोडल्याचा आकार) लागत नाही, त्यामुळे कॅलेंडरवर ती तारीख टाकून ठेवते आणि त्याच सुमारास नवीन दर शोधते. आईबाबा हिवाळ्यात आले की थर्मोस्टॅट 18 वरून 22 वर जातो आणि सगळं गणित कोलमडतं, ते वेगळं.

लेस्टर, चार माणसांचं घर

2021 मध्ये सगळ्यात स्वस्त दर बघून एका छोट्या कंपनीकडे गेलो होतो. त्या शरद ऋतूत घाऊक बाजारात गॅसचे भाव भडकले आणि एकामागून एक कंपन्या बुडाल्या. त्यात आमचीही. बायकोला वाटलं, आता लाइट जाणार. तसं काही होत नाही. ऑफजेम दुसऱ्या कंपनीकडे आपलं खातं सोपवते, खात्यात शिल्लक असेल तर तीही सुरक्षित राहते. फक्त जुना स्वस्त दर गेला आणि नवीन कंपनीने कॅपच्या दरावर घेतलं.

अशा वेळी घाईघाईने स्वतःहून तिसरीकडे पळू नका. मीटरचा फोटो काढा, जुनी बिलं उतरवून घ्या (बुडालेल्या कंपनीची वेबसाइट कधी बंद होईल सांगता येत नाही) आणि नव्या कंपनीचं पत्र येईपर्यंत थांबा.

क्रॉयडन, भाड्याचा फ्लॅट

घरमालक म्हणाले, "कंपनी बदलायची नाही." बिल माझ्या नावावर, पैसे मी भरतो, मग कंपनी निवडायचा हक्कही माझाच. ऑफजेमचं म्हणणं तेच आहे. माझ्या भाडेकरारात फक्त "कळवा" असं होतं, तसं मी ईमेलने कळवलं. मीटरच बदलायचा असेल, म्हणजे प्रीपेमेंटचा (आधी पैसे भरून वापरायचा) काढून साधा बसवायचा वगैरे, तर मात्र मालकांशी आधी बोलून घ्या. बाकी बदलायला काही लागलं नाही. पोस्टकोड, बँकेची माहिती, त्या दिवसाचं रीडिंग. पाइप तेच, वायर तीच, घरी कोणी येत नाही. 14 दिवसांत मन बदललं तर रद्दही करता येतं.

लिव्हरपूल

वर सगळे युनिटच्या दराबद्दल बोलतायत. माझं दुखणं स्टँडिंग चार्ज आहे. तो प्रदेशाप्रमाणे बदलतो आणि आमच्या मर्सीसाइड-नॉर्थ वेल्स पट्ट्यात विजेचा स्टँडिंग चार्ज लंडनपेक्षा बराच जास्त आहे. त्याला कंपनी बदलून फार काही फरक पडत नाही, कारण त्यातला मोठा भाग तारांच्या जाळ्याचा खर्च असतो.

आमच्या फ्लॅटमध्ये हीटिंग विजेवर आणि गॅस फक्त शेगडीला. शेगडीला गॅस लागतो किती? पोळ्या, कुकर, सकाळचा चहा. पण गॅसचा स्टँडिंग चार्ज दिवसाला 30 पेन्सच्या आसपास, म्हणजे वर्षाला 100 पौंडांच्या वर, आम्ही भारतात असलो तरी. शेवटी इंडक्शन घेतली आणि गॅसचा मीटर काढून टाकायला लावला. विजेचं युनिट गॅसच्या साधारण चौपट महाग आहे हे खरं, पण स्वयंपाकापुरतं तरीही परवडतं. बॉयलर गॅसवर असेल तर हा विचारही करू नका. तवा मात्र नवीन घ्यावा लागला आणि भाकरी विस्तवावर फुगवायचं सुख गेलं, त्याचा हिशोब कुठल्याच तुलनेत येत नाही.

लीड्स, जुनं टेरेस (रांगेतलं, भिंतीला भिंत लागून असलेलं) घर (जरा लांबलंय, पण वाचा)

कंपनी बदलली आणि गॅसचं बिल जवळजवळ तिप्पट आलं. दर आधीपेक्षा कमी, हवा तशी उबदार, तरी तिप्पट. फोनवरची बाई म्हणाली, "थंडीत वापर वाढतो, सर."

बिलाची मागची बाजू बघितली. तिथे रीडिंगवरून युनिट कशी काढली ते छापलेलं असतं आणि त्यात 2.83 असा एक गुणक होता. तो जुन्या, घनफुटांत मोजणाऱ्या मीटरसाठी असतो. त्या मीटरवर चार आकडे असतात आणि ft³ लिहिलेलं असतं. आमचा मीटर आधीच्या कंपनीने बदलून नवीन बसवला होता: पाच आकडे, m³, म्हणजे घनमीटर. मीटर बदलला पण नोंद बदलली नाही, आणि नवीन कंपनीने ती नोंद तशीच उचलली.

पडताळणी सोपी आहे. मीटर m³ चा असेल तर वापरलेल्या आकड्याला साधारण 11 ने गुणा, बिलातली युनिटं त्याच्या आसपास यायला हवीत. आमची 31 पट येत होती.

मीटरचा फोटो पाठवला, लेखी तक्रार केली. "चौकशी चालू आहे" यापलीकडे उत्तर नाही. आठ आठवडे झाले की एनर्जी ओम्बड्समनकडे (कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, फुकट आहे, आणि आपण निकाल मान्य केला की कंपनीला तो पाळावाच लागतो. तिकडे गेल्यावर पैसे परत मिळाले. उलट बाजूची चूक झाली, कंपनीने कमी बिल पाठवलं आणि नंतर जाग आली, तर स्वतःच्या चुकीसाठी ती 12 महिन्यांपलीकडचे पैसे मागू शकत नाही, तेही कळलं.

मिल्टन कीन्स

लीड्सवाल्या दादांना दंडवत. आत्ता टॉर्च घेऊन मीटर बघून आले, पाच आकडे, m³. सुटलो!

आमची इलेक्ट्रिक गाडी असल्याने रात्री स्वस्त वीज देणारा टॅरिफ घेतलाय, गाडी रात्रीच चार्ज होते. त्याआधी ऑक्टोपस कंपनीचा 'अजाइल' टॅरिफ करून बघितला. त्यात दर अर्ध्या तासाला भाव बदलतो, वारा जोरात असला की कधी शून्याच्या खालीही जातो. संध्याकाळी चार ते सात मात्र सगळ्यात महाग, आणि आमच्या घरात ओव्हन, वॉशिंग मशीन, मुलांची आंघोळ, सगळं नेमकं चार ते सातच. ज्यांना वेळा हलवता येतात त्यांनी जरूर घ्यावा. शिवाय वीज आणि गॅस एकाच कंपनीकडून घ्यायला हवं असं नाही, आमची वीज एकीकडे, गॅस दुसरीकडे.

बेलफास्ट

वरचं बरंचसं आमच्या उपयोगाचं नाही. नॉर्दर्न आयर्लंडमध्ये ऑफजेम नाही, ती कॅप नाही, युटिलिटी रेग्युलेटर वेगळा, कंपन्याही मोजक्या. आणि आमच्यासारख्या बऱ्याच घरांत गॅस नाहीच, मागच्या अंगणात रॉकेलची टाकी. तिथे कंपनी बदलायची म्हणजे दर वेळी टाकी भरायच्या आधी तीन-चार ठिकाणी फोन करायचा. उन्हाळ्यात भाव बहुधा उतरलेला असतो, तेव्हाच भरून घेतो. शेजारी मिळून एकत्र ऑर्डर दिली की लिटरमागे कमी पडतं म्हणतात, पण आमच्या गल्लीत अजून कोणी तयार नाही. इकडचं कोणी अशा ऑइल क्लबात असेल तर लिहा, किमान किती लिटर घ्यावं लागतं आणि पैसे आधी भरावे लागतात का?