सकाळची पहिली लघवी तपासा
ताई, मुलगा खेळून आल्यावर संध्याकाळी पट्टीने तपासलेल्या लघवीत एक प्लस, म्हणजे थोडंसं, प्रोटीन आलं म्हणून एवढ्या घाबरू नका. धावपळ, ताप, आपल्या नागपूरच्या उन्हात पाणी कमी पडून गर्द पिवळी झालेली लघवी, यांनीही लघवीत बुडवायची ती पट्टी हिरवट होते, म्हणजे प्रोटीन दाखवते. काही मुलांना तर दिवसा उभं राहिल्यानेच प्रोटीन जातं, रात्री झोपेत नाही. म्हणून उठल्याउठल्या पहिली लघवी तपासा. आमच्या लेकीला नेफ्रोटिक आहे, म्हणजे किडनीतून लघवीत खूप प्रोटीन जाण्याचा आजार. तिची पट्टी मी रोज खिडकीशी धरते, मिनिटभराने डबीवरच्या रंगांशी जुळवते, वहीत लिहिते. सलग 3 दिवस तीन प्लस आलं की डॉक्टरांना फोन. मुलाच्या डोळ्यांभोवती सकाळी सूज दिसली तर मात्र त्याच दिवशी दाखवा.