सप्त्याचे ८ कीर्तनं एका ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये बसवायचेत, बिटरेट किती ठेवू?

गंगाखेडचा_कॅमेरा:
राम कृष्ण हरी मंडळी. गावच्या सप्त्याचं शूटिंग केलंय, ७ दिवसाचे ७ अन् काल्याचं १, एकेक २ तासाच्या आसपास. कॅमेऱ्यात ५० एमबीपीएस बिटरेटला (सेकंदाला ५० मेगाबिट) भरलंय, म्हणजे एकच कीर्तन ४५ जीबी व्हायलंय. गावकरी म्हणायलेत सगळे एकाच पेनड्राइव्हमध्ये दे, टीव्हीला लावून बघू. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ लहान करायचं सॉफ्टवेअर) आरएफ १८ ला (क्वालिटीचा आकडा, लहान तितकी चांगली) टाकलं तर ९ जीबीची फाइल झाली अन् पेनड्राइव्ह रिकामा असून बी घेईना, फाइल मोठी हाय म्हणतंय. मग चिडून १५०० केबीपीएस (दीड एमबीपीएस) टाकलं. महाराज एकटे बोलत असले की मस्त, पण टाळकऱ्यांनी पावली धरली की सगळ्यांच्या तोंडाचे चौकोन. रातभर लॅपटॉप तापवला अन् गेलं वाया. नेमका आकडा सांगा की कुणीतरी.

लातूर_एडिटिंग:
दादा, आकडा इचारायचा न्हाई, भागाकार करायचा. १६ तास म्हणजे ५७,६०० सेकंद. ३२ जीबी म्हणजे, एका बाइटचे ८ बिट धरून, २ लाख ५६ हजार मेगाबिट. भागलं की ४.४ एमबीपीएस येतंय, आवाज धरून. थोडी जागा मोकळी सोड अन् व्हिडिओ ४००० केबीपीएस, ऑडिओ १२८ ठेव. एक कीर्तन ३.७ जीबी होतंय, आठ मिळून ३० च्या आत. आता तुझा पेनड्राइव्ह फाइल काहून घेईना, तर तो फॅट३२ फॉर्मॅटचा असणार, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल जातच नाही. ह्या हिशोबात ती बी भानगड मिटली, फक्त काल्याचं सव्वादोन तासाच्या पुढं गेलं असलं तर दोन तुकडे कर. एक्सफॅट (मोठ्या फाइली घेणारा फॉर्मॅट) करायच्या नादी लागू नको, गावातले लई टीव्ही ते वाचत नाहीत. आरएफ बंद, सरळ टू-पास, म्हणजे सॉफ्टवेअर आधी सगळा व्हिडिओ तपासतं अन् मग ठरलेल्या साइजला बसवतं.

जालना_रेकॉर्डिंग:
आरएफला उगं शिव्या नका देऊ राव. त्यात क्वालिटी ठरलेली असते अन् साइज काय होईल ती होते, टू-पासचं उलटं. पेनड्राइव्हला टू-पास बरोबरच हाय, पण यूट्यूबला टाकायचं असलं तर २० च्या आसपास आरएफ ठेव, तिथं तसं बी परत कॉम्प्रेस होतंय. आकडा ६ नं वाढवला की फाइल साधारण निम्मी होते, म्हणजे तुझी ९ ची २४ ला साडेचारच्या आसपास.
अन् खरं दुखणं रातच्या मांडवात हाय. उजेड कमी म्हणून गेन (कॅमेऱ्यातली उजेड वाढवायची सेटिंग) चढवला असशील, ते दाणे मागच्या पडद्यावर सारखे नाचत असतेत अन् निम्मा बिटरेट तेच खातेत. हलकासा डीनॉइज (दाणे घालवायचा फिल्टर) लाव, जास्त लावला तर महाराज मेणाचे दिसतेत. सेकंदाला ५० फ्रेमनं शूट असलं तर २५ कर. अन् कॉम्प्रेस केलेल्या फाइलवरून परत करू नको, ओरिजनलच घे.

बीडकर_७७:
एच.२६५ ला (नव्या पद्धतीचं कॉम्प्रेशन) टाक की, अजून कमी जागेत बसतंय

लातूर_एडिटिंग:
बसतंय, पण जुना टीव्ही नुसता आवाज ऐकवतो. मग फोन कुणाला येणार? जुनं एच.२६४ च ठेवा.
अन् हो गंगाखेडकर, टेस्ट करताना नुसती पावली घेऊ नको. टू-पास शांत भागातले बिट वाचवून धावपळीला देतो, सगळीच पावली असली तर वाचवायचं कुठून? निम्मं निरूपण, निम्मी पावली असे १० मिनिटं घे. प्रीसेट (एन्कोडिंगचा वेग) स्लो.

गंगाखेडचा_कॅमेरा:
१० मिनिटं काढून बघितले, डीनॉइज हलका, २५ फ्रेम. टाळकरी माणसं दिसायलेत आता 😄 मृदंगवाल्याचा हात अजून जरा पुसतोय, ते ७२० ला (कमी रिझोल्यूशन) करून बघतो. बाकीचे आज रात्री रांगेत लावायलोय, लाईट राहिली तर.