एमकेअल्ट्रा : फायली नष्ट झाल्या, मग १४९ हा आकडा आला कुठून?

शब्दवेल
सीआयएने १९५३ पासून माणसांवर केलेल्या एलएसडी या भ्रमकारक औषधाच्या प्रयोगांवर, म्हणजे एमकेअल्ट्रावर, मराठीत सविस्तर लेख लिहिते आहे. या विषयावर तीच चार वाक्यं फिरताना दिसतात : 'मनावर ताबा मिळवायचे प्रयोग', 'हजारो बळी', 'सगळे पुरावे जाळले'. पुरावे गेले असतील तर १४९ उपप्रकल्प आणि ८० संस्था हे इतके नेमके आकडे कुठून आले? माणसांना एलएसडी किती दिलं आणि त्यातून हाती काय लागलं? आणखी एक : मॉन्ट्रियलचे मनोरुग्ण, एजवूडचे सैनिक आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलातून पडून मेलेले लष्करी शास्त्रज्ञ फ्रँक ओल्सन ही सगळी एकाच प्रकल्पातली प्रकरणं आहेत का? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं, ऐकीव नको.

जमाखर्च
आकडे हिशेबाच्या कागदांतून आले.

जानेवारी १९७३ मध्ये सीआयएचे संचालक रिचर्ड हेल्म्स यांच्या आदेशावरून फायली नष्ट केल्या गेल्या. प्रकल्पाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ सिडनी गॉटलीब, त्या वेळी निवृत्तीच्या बेतात होते. पण त्यांच्या विभागाच्या हिशेब शाखेने १९७० मध्येच काही जुने कागद वॉशिंग्टनबाहेरच्या अभिलेखागारात पाठवून दिले होते. रिवाजाप्रमाणे ते प्रकल्पाच्या नावाखाली जायला हवे होते, ते गेले हिशेब शाखेच्या नावाखाली. त्यामुळे १९७३ मध्ये ते वाचले आणि १९७५ मध्ये गुप्तचर यंत्रणांची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या चर्च समितीसाठी शोधाशोध झाली तेव्हाही कुणाच्या नजरेस पडले नाहीत. १९७७ मध्ये लेखक जॉन मार्क्स यांच्या माहिती अधिकाराच्या अर्जावर काम करताना हिशेब शाखेच्या याद्याही चाळल्या गेल्या आणि सात खोकी हाती लागली. ३ ऑगस्ट १९७७ ला तेव्हाचे संचालक स्टॅन्सफील्ड टर्नर यांनी सिनेटपुढे जी साक्ष दिली, तिच्यात तुम्ही म्हणता ते आकडे आहेत : १४९ उपप्रकल्प, ८० संस्था (त्यांत ४४ महाविद्यालयं-विद्यापीठं, १५ संशोधन प्रतिष्ठानं व औषध-रसायन कंपन्या वगैरे, १२ रुग्णालयं-दवाखाने, ३ तुरुंग) आणि सरकारी नोकरीत नसलेले १८५ संशोधक.

आता महत्त्वाचं. '१४९ एलएसडी प्रयोग' असं चुकूनही लिहू नका. त्याच साक्षीत फोड आहे. औषधांच्या किंवा दारूच्या परिणामांबद्दलच्या उपप्रकल्पांपैकी १४ मध्ये स्वयंसेवकांवर नक्की चाचण्या झाल्या, १९ मध्ये बहुधा झाल्या आणि ६ मध्ये माणसांना काहीही न सांगता औषध दिलं गेलं. संमोहनावर ८ होते. हातचलाखीच्या कलेवर ४ होते, कारण पेल्यात काही टाकायचं तर हात सफाईदार हवा. त्यासाठी जॉन मलहॉलंड या व्यावसायिक जादूगाराकडून पुस्तिका लिहून घेतली होती. मला विचाराल तर लेखाचा कणा हे ६ उपप्रकल्प असावेत. १४९ हा आकडा डोळे दिपवतो आणि या सहांना झाकून टाकतो.

कागद स्वतः वाचणार असाल तर उपप्रकल्पाच्या क्रमांकाने वाचा. साधारण असा क्रम दिसतो : हेतू सांगणारं टिपण, मंजूर रकमेखालची सही, मध्यस्थ संस्थेला दिलेली उचल, मग व्हाउचर आणि शेवटी शिल्लक रकमेचा हिशेब. बऱ्याच फायलींत नुसती व्हाउचरंच उरली आहेत आणि प्रयोगात काय झालं याबद्दल चकार शब्द नाही. 'इतके डॉलर दिले' एवढं सिद्ध होतं, 'इतक्या माणसांवर प्रयोग झाला' हे त्यावरून निघत नाही. 'हजारो बळी' या वाक्याला कागदाचा आधार नाही तो इथे.

मध्यस्थ संस्थेकडे विशेष लक्ष द्या. एका खासगी वैद्यकीय संस्थेच्या इमारत निधीला सीआयएने मध्यस्थामार्फत ३,७५,००० डॉलर दिले. वरकरणी ती खासगी देणगी होती, म्हणून केंद्र सरकारने नियमाप्रमाणे तितकीच भर घातली. आपल्याच सरकारकडून दुसऱ्यांदा पैसे काढले गेले आणि देणाऱ्या खात्याला पत्ता नव्हता. हे शक्य झालं कारण १३ एप्रिल १९५३ ला तेव्हाचे संचालक ॲलन डलेस यांनी प्रकल्प मंजूर करतानाच विभागाच्या संशोधन खर्चापैकी ६ टक्के रक्कम नेहमीच्या करारांतून आणि तपासणीतून वगळली होती.

मात्रा_मोजून
मात्रेबद्दल लिहिते. एलएसडी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. परिणाम साधारण २५ मायक्रोग्रॅमपासून जाणवू लागतो. एलएसडी पहिल्यांदा बनवणारे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी १९४३ मध्ये स्वतःवर २५० मायक्रोग्रॅमचा प्रयोग केला, ती भरपूर मोठी मात्रा होती. १०० मायक्रोग्रॅमची एक मात्रा धरली तर एका ग्रॅममध्ये दहा हजार मात्रा बसतात.

हे गणित न कळल्याचा एक नमुना लेखात जरूर घ्या. १९५३ मध्ये सीआयएला खबर मिळाली की स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीकडे १० किलो एलएसडी विक्रीला आहे. रशियाच्या हाती पडू नये म्हणून सगळा साठा उचलायला २,४०,००० डॉलर मंजूर झाले. माणसं प्रत्यक्ष पोचली तेव्हा कळलं की कंपनीने तोवर एकूण ४० ग्रॅमच्या आसपास एलएसडी बनवलं होतं. खबर देणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने मिलिग्रॅम आणि किलोग्रॅम यांत गल्लत केली होती, दहा लाख पटींची. ज्या भीतीपोटी हा सगळा खटाटोप उभा राहिला, ती कितपत तपासून घेतली होती ते यातून कळतं.

ओल्सन यांना नोव्हेंबर १९५३ मध्ये मेरीलँडच्या डीप क्रीक तळ्याकाठच्या बैठकीत कॉइंट्रो या मद्यातून सुमारे ७० मायक्रोग्रॅम दिलं गेलं. मात्रा अवाढव्य नव्हती. घात केला तो आधी न सांगण्याने. पिऊन झाल्यावर सुमारे २० मिनिटांनी गॉटलीब यांनी पेल्यात काय होतं ते सांगितलं. तोंडावाटे घेतलेल्या एलएसडीचा अंमल चढायला अर्धा ते दीड तास लागतो आणि तो ८ ते १२ तास टिकतो. ज्याला काय घेतलंय ते ठाऊक आहे तो निदान 'उतरेल' एवढा धीर धरू शकतो. ठाऊक नसलेल्या माणसाला आपण वेडे होतोय असंच वाटतं. ओल्सन त्यानंतर सावरलेच नाहीत. २८ नोव्हेंबरला पहाटे ते स्टॅटलर हॉटेलच्या दहाव्या मजल्यावरून पडले, तेव्हा खोलीत सीआयएचा माणूस होता. १९९४ मध्ये मृतदेह उकरून पुन्हा तपासणी झाली आणि ती करणाऱ्या न्यायवैद्यक तज्ज्ञाने आत्महत्येच्या निष्कर्षावर शंका घेतली. तेव्हा 'पडले' लिहा; 'उडी मारली' नको, 'ढकललं' नको.

दुसऱ्या टोकाला केंटकीतल्या लेक्सिंग्टनचं व्यसनमुक्ती केंद्र. तिथे हॅरिस इझबेल यांनी अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना एलएसडी दिलं, काहींना सलग ७७ दिवस. तीन-चार दिवसांतच शरीराला सवय होऊन परिणाम घटतो, म्हणून मात्रा दुप्पट, तिप्पट, चौपट करत नेली. कैद्यांनी संमतीपत्रावर सही केलेली होती. मोबदला म्हणून काय मिळायचं? ज्याच्या व्यसनापायी ते तिथे आले होते तेच औषध. त्या सहीला मी संमती म्हणणार नाही.

हाती काय लागलं, तर खरं बोलायला लावणारं औषध लागलं नाही. एलएसडी घेतलेला माणूस कधी खूप बोलतो, कधी दातखीळ बसल्यासारखा गप्प होतो, कधी भासच खरे म्हणून सांगतो. त्यातलं खरं कोणतं हे ओळखायला साधन नाही. शिवाय प्रयोगाची पद्धतच लुळी होती. सॅन फ्रान्सिस्कोत २२५, चेस्टनट स्ट्रीट या घरात वेश्यांकरवी आणलेल्या पुरुषांना पेयातून औषध दिलं जायचं आणि जॉर्ज हंटर व्हाइट हा अमली पदार्थ खात्याचा अधिकारी एकतर्फी आरशाआडून पाहायचा. वैद्यकीय प्रशिक्षण नाही. पेला अर्धा राहिला तर मात्रा किती गेली ते कळायचं नाही. औषध न दिलेला तुलनेचा गट नाही, आधीची तब्येत माहीत नाही, आणि माणूस दाराबाहेर पडला की पुढे विचारपूस नाही. १९६३ मध्ये सीआयएच्याच महानिरीक्षकांनी नोंदवलं की काही माणसं काही तास ते काही दिवस आजारी राहिली, एकाला रुग्णालयात ठेवावं लागलं, आणि उघडपणे चौकशी करायचीही सोय नव्हती. लपवाछपवीमुळे माणसांना इजा झाली आणि त्याच लपवाछपवीमुळे नोंदी शास्त्राच्या दृष्टीने कुचकामी ठरल्या.

शब्दवेल
फार उपयोगी. मॉन्ट्रियल आणि एजवूडचं कुणी सांगेल का? भरपाईच्या रकमांत माझा पार गोंधळ झाला आहे.

वादी_प्रतिवादी
गोंधळ होणं साहजिक आहे, तीन प्रकरणांत रक्कम जवळपास सारखी आहे. ओल्सन कुटुंबाला १९७६ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून साडेसात लाख डॉलर दिले. मॉन्ट्रियलच्या नऊ फिर्यादींना १९८८ मध्ये सीआयएने तडजोडीत मिळून साडेसात लाख दिले, म्हणजे वाटणी करून. आणि हॅरल्ड ब्लावर या टेनिस प्रशिक्षकाच्या मृत्यूबद्दल १९८७ मध्ये न्यायालयाने सुमारे सात लाखांची भरपाई ठरवली. ब्लावर नैराश्याच्या उपचारासाठी न्यूयॉर्कच्या सरकारी मनोरुग्णालयात होते. ८ जानेवारी १९५३ ला त्यांना मेस्कलिन या भ्रमकारक द्रव्याच्या जातकुळीतल्या रसायनाचं ४५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं गेलं आणि त्यात ते गेले. कंत्राट लष्कराचं होतं आणि एमकेअल्ट्रा मंजूरही व्हायचा होता, म्हणून ते एमकेअल्ट्रात घालू नका.

मॉन्ट्रियलचं ॲलन मेमोरियल हे मनोरुग्णालय मात्र एमकेअल्ट्राच, उपप्रकल्प ६८. पैसा १९५७ पासून 'मानवी परिसर' अभ्यासाच्या नावाने उघडलेल्या मध्यस्थ संस्थेतून गेला. डॉ. युवेन कॅमरन आपली पद्धत त्याआधीपासून वापरत होते, १९५६ मध्ये त्यांनी ती छापलीही होती. त्यामुळे 'सीआयएने कॅमरनला शिकवलं' हे चूक. सीआयएने चालू असलेल्या गोष्टीला पैसा पुरवला. पद्धत अशी : औषधांनी दिवसेंदिवस झोपवून ठेवायचं; विजेचा एक झटका, त्यामागोमाग आणखी पाच ते नऊ, असं दिवसातून दोन-तीनदा; मग टेपवरचं एकच वाक्य दिवसाला १६ तास, सहा-सात दिवस ऐकवायचं. काहींना एलएसडीही. माणसं चिंता, नैराश्य, बाळंतपणानंतरचा त्रास अशा तक्रारी घेऊन आपल्या पायांनी आली होती. काही जण घरी परतले ते लघवीवरचा ताबा आणि वर्षानुवर्षांच्या आठवणी गमावून. कॅनडा सरकारने १९९२ मध्ये ७७ जणांना प्रत्येकी एक लाख कॅनेडियन डॉलर दिले. पण अट अशी की स्मृती पूर्ण पुसली जाण्याइतके 'उपचार' झालेले असावेत. अर्धवट उद्ध्वस्त झालेल्यांचे अर्ज फेटाळले गेले. हे वाचताना आजही राग येतो.

एजवूड, म्हणजे मेरीलँडमधलं रासायनिक संशोधनाचं केंद्र, लष्कराचं आहे. १९५५ ते १९७५ या काळात सुमारे ६,७२० सैनिक आणि २५४ रसायनं. जेम्स स्टॅन्ली या सार्जंटने १९५८ मध्ये रासायनिक हल्ल्यापासून वाचवणाऱ्या कपड्यांच्या चाचणीसाठी नाव दिलं. मिळालं एलएसडी. त्यांना हे कळलं डिसेंबर १९७५ मध्ये, तेही लष्कराने पाठपुराव्याच्या अभ्यासाला या म्हणून पत्र पाठवलं तेव्हा. मधल्या काळात संसार मोडला होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की सेवेशी निगडित इजेसाठी सैनिक सरकारकडून भरपाई मागू शकत नाही. विरोधी मतांत न्यूरेंबर्ग संहितेची, म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांना त्यांची संमती हवीच असं सांगणाऱ्या नियमांची, आठवण करून दिलेली आहे. ती संहिता संरक्षणमंत्री विल्सन यांनी २६ फेब्रुवारी १९५३ च्या आदेशाने लष्कराला लागू केलेली होती, पण आदेशावरच 'अतिगोपनीय'चा शिक्का होता. ज्यांच्या रक्षणासाठी नियम, त्यांनाच तो वाचायची मुभा नाही. स्टॅन्लींना अखेर १९९६ मध्ये ४,००,५७७ डॉलर मिळाले, काँग्रेसच्या खास कायद्यामुळे.

आणि कागदांतली काळी फासलेली नावं उघडी होतील अशी आशा ठेवू नका. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संशोधकांची नावं गुप्त ठेवायची मुभा सीआयएला दिली.

मात्रा_मोजून
एजवूडबद्दल एक पुरवणी. तिथलं बीझेड हे रसायन एलएसडीच्या पंगतीत बसवू नका. ते ॲसिटिलकोलिन हे मज्जातंतूंचे संदेश पोचवणारं द्रव्य अडवतं, आपल्या धोतऱ्यातल्या ॲट्रोपिन-स्कोपोलामिनसारखं. तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, नाडी वेगात, माणूस हवेतल्या वस्तू उचलू लागतो, आणि हे तीन-चार दिवस चालतं. एलएसडीत माणसाला बहुधा आपण औषधाच्या अमलाखाली आहोत हे उमगतं आणि नंतर आठवतं. बीझेडमध्ये दोन्ही नसतं. दोघांना सरसकट 'भ्रमकारक' म्हटलं की हा फरक वाहून जातो.

शब्दवेल
शेवटचं विचारते. इंग्रजी कागदांत 'अनविटिंग' हा शब्द वारंवार येतो. मराठीत काय लिहू? 'अजाण' म्हटलं तर लहान मूल वाटतं, 'अनभिज्ञ' फार पुस्तकी होतं.

जमाखर्च
'नकळत औषध दिलेली माणसं' असं लिहा. लांब आहे, पण 'दिलेली' म्हटल्यावर देणारा वाक्यात राहतो. लेक्सिंग्टन आणि एजवूडसाठी 'स्वयंसेवक' हा कागदातला शब्द अवतरणात ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथेच एका ओळीत सांगा की लेक्सिंग्टनमध्ये मोबदला काय होता आणि स्टॅन्लींनी नाव कशासाठी दिलं होतं.